औषध मारून झालं, मग कसर कुठून आली?

जुन्या ग्रंथालयात किंवा दप्तरखान्यात किडीचा विषय काढला की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं : ‘औषध मारून घेतलंय.’ दर तीन महिन्यांनी पाठीवर पंप घेतलेला माणूस येतो. भिंतीच्या कडेने, कपाटांखाली, कधी थेट मांडणीतल्या पुस्तकांच्या पाठींवर फवारा मारतो. दोन दिवस वास राहतो. ठेकेदाराचं प्रमाणपत्र फाइलला लागतं, बिल निघतं. आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच कपाटातलं पुस्तक उघडलं की पानांतून पिठासारखा भुगा मांडीवर सांडतो.

पंप मारणाऱ्या माणसाचा यात दोष नाही. त्याला जे सांगितलं ते तो करतो. आपण त्याला काय सांगतो, हा खरा प्रश्न आहे. सार्वजनिक पैशावर किंवा अनुदानावर चालणाऱ्या कोल्हापुरातल्या संस्थांनी फवारणीचा ठेका देणं थांबवावं आणि तोच पैसा पाहणी, नोंदी, इमारतीची डागडुजी आणि सगळ्यांनी मिळून वापरायच्या एका शीतपेटीवर घालावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. औषधाला जागा आहे, पण ती रांगेच्या शेवटी.

कोल्हापूरकडे जपण्यासारखं काय आहे ते एकदा डोळ्यांपुढे आणू. १८५० साली सुरू झालेलं करवीर नगर वाचन मंदिर. पुराभिलेख कार्यालयातली करवीर संस्थानची मोडी दप्तरं. ब्रह्मपुरीच्या १९४५-४६ च्या उत्खननात सापडलेल्या वस्तू सांभाळणारं टाउन हॉलमधलं संग्रहालय. न्यू पॅलेसमधली शस्त्रं, वस्त्रं आणि भुसा भरून उभे केलेले प्राणी. विद्यापीठातली हस्तलिखितं, मठांतल्या ताडपत्रावरच्या पोथ्या, वाड्यांतल्या ट्रंका, आणि तालुक्यांतली, गावोगावची सार्वजनिक वाचनालयं. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तो आज शब्दाशब्दाने वाचता येतो, कारण कुणीतरी कागद जपला. यांपैकी अमुक ठिकाणी हयगय होते असा आमचा रोख नाही. ‘औषध मारणं’ ही सवय सगळीकडेच मुरली आहे, घरातही आणि सरकारी कचेरीतही.

आता पुस्तकातला भुंगेरा जरा जवळून पाहू. लांबी दोन ते तीन मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याहून थोडा लांबट. रंग तांबूस तपकिरी. भिंगाखाली धरला आणि पाठीवर बारीक खड्ड्यांच्या उभ्या रेघा दिसल्या तर तो स्टेगोबियम. पाठ गुळगुळीत आणि डोकं पोटाखाली मुडपलेलं असेल तर लासिओडर्मा. आपल्याकडच्या पुस्तकांत गॅस्ट्रॅलस नावाचा तिसराही भेटतो. मादी पुस्तकाच्या पाठीत, बांधणीच्या खळीजवळ अंडी घालते. अंड्यातून निघालेली पांढरी, वाकडी अळी तिथूनच खात खात आत शिरते. सगळं नुकसान ती अळी करते. पानांना लंबरेषेत आरपार किंवा नागमोडी बोगदा पाडते, मागे भुगा सोडते आणि शेवटी आतच कोष करते. उबदार हवेत अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंत साधारण दोन ते तीन महिने लागतात. मग भुंगेरा पुठ्ठ्याला एक-दीड मिलिमीटरचं गोल, स्वच्छ भोक पाडून बाहेर पडतो. जोडीदार शोधतो, अंडी घालतो आणि मरतो. बाहेर असतो त्या दोन-चार आठवड्यांत तो जवळपास काहीच खात नाही.

फवारा कुणाला लागतो ते यावरून कळेल. भिंतीच्या कडेला मारलेलं औषध त्या भिंतीवरून चालत जाणाऱ्या किड्याला लागतं. तीनशे पानांच्या मधोमध बसलेल्या अळीला ते लागत नाही. पुस्तकाच्या पाठीवर मारलं तरी आत उतरत नाही. उतरतं ते त्यातलं पाणी आणि तेलकट द्रावक. कापडी बांधणीचा रंग फुटतो, पुठ्ठ्यावर डाग राहतो, खळ ओलावते. ओली खळ म्हणजे पुढच्या किडीला दिलेलं आमंत्रण. चार दिवस भुंगेरे दिसले नाहीत म्हणून आपण निश्चिंत होतो, आणि पुढची पिढी आत शांतपणे जेवत असते.

हाच भुंगेरा आपल्या स्वयंपाकघरातही आहे. हळद, धने, सुंठ, लाल तिखटाच्या डब्यात जाळी धरते आणि बारीक तपकिरी किडे निघतात, ते बहुधा स्टेगोबियम आणि लासिओडर्मा हेच दोघे. लासिओडर्मा हा तर तंबाखूचा नावाजलेला शत्रू. निपाणीच्या तंबाखूला आणि सांगलीच्या हळदीला ज्याच्यापासून जपायचं, त्याच्यापासूनच आपल्या बखरींना जपायचं आहे. म्हणूनच वेखंड, लवंग, तमालपत्र, काळे जिरे यांच्या पुरचुंड्या पोथीत ठेवण्याचा सल्ला आता देऊ नये. वाळलेल्या वनस्पती हेच या भुंगेऱ्याचं आवडतं खाणं आहे. पुरचुंडी वर्षानुवर्षं तशीच राहिली की तिचा वास उडतो आणि उरतो तो खाऊ. कडुनिंबाचा ताजा पाला ठेवला तर त्याचं पाणी कागदात जातं. वाळला की त्याचाही उपयोग सरतो.

मग आजे-पणजोबांच्या पोथ्या टिकल्या कशा? त्या टिकल्या बासनामुळे. वर-खाली लाकडी फळी, भोवती दोन-तीन वेढे घट्ट कापड आणि वर दोरी. कापड विणीचं असल्याने हवा कोंडत नाही, पण आतली आर्द्रता एकदम वर-खाली होत नाही आणि किड्याला सहज शिरता येत नाही. त्यात दरवर्षी खंडेनवमी-दसऱ्याला पोथ्या बाहेर निघायच्या, पुसल्या जायच्या, पूजेला मांडल्या जायच्या. पावसाळा संपल्यावर लगेच होणारी ही पाहणी होती. आपण वेखंड उचललं आणि वर्षाला एकदा प्रत्येक पोथी हातात घेण्याची शिस्त सोडली. (जुन्या पोथ्यांना हरताळही लावत. चुकलेलं अक्षर झाकायला तो फासायचे, त्यावरून आपला वाक्प्रचार आला. शिवाय त्यात आर्सेनिक असल्याने कीड दूर राही. म्हणून पिवळसर लेप दिसणारी पोथी हाताळताना हातमोजे घालावेत आणि बोट ओठाला लावून पान उलटू नये.)

कसरीची गोष्ट वेगळी आहे. मोडी कागद हाती घेतला तर तो हातबनावटीचा असतो. चिंध्यांच्या लगद्याचा, त्यावर खळ दिलेली, आणि मग दगडाने घोटून गुळगुळीत केलेला. लेखक आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढायचा आणि काजळाच्या शाईने त्या रेघेला अक्षरं लटकवत जायचा. शाई कागदात खोल मुरत नाही. खळीच्या थरावर बसते. कसरीला नेमका तोच थर हवा असतो. ती भोक पाडत नाही, चरते. पान उजेडासमोर धरलं की नकाशातल्या बेटांसारखे पातळ डाग दिसतात. तिथे कागद शिल्लक असतो, पण शिरोरेघ मधेच तुटलेली असते आणि तिच्याखालची दोन-तीन अक्षरं नसतात. एखाद्या हिशेबात रुपयांचा आकडाच जातो, निवाड्यातलं नाव जातं. भोक निदान लगेच दिसतं. हे मात्र वाचायला बसेपर्यंत ध्यानात येत नाही.

कसर तीन-चार वर्षं सहज जगते, आयुष्यभर कात टाकत वाढते, उजेड दिसला की लपायला पळते. तिला ओलावा लागतो : पंच्याहत्तर टक्क्यांच्या वरची सापेक्ष आर्द्रता मानवते आणि पंचावन्न-साठच्या खाली तिची वाढ मंदावते. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर खोलीतली आर्द्रता ऐंशी-नव्वदच्या घरात असते. म्हणजे कसरीविरुद्धचं काम औषधाच्या बाटलीत नाही, पन्हळीत आणि खिडकीत आहे. छपराच्या पन्हळीत पिंपळाची पानं अडकली की पाणी भिंतीत उतरतं. भिंत दिवाळीपर्यंत ओली राहते, तिला टेकलेल्या कपाटाच्या मागच्या फळीवर बुरशी धरते, बुरशी खायला पुस्तकातल्या उवा येतात आणि त्याच ओलाव्यावर कसर वाढते. हा क्रम पन्हळ साफ करून तोडता येतो. त्यासाठी शिडी, हातमोजे आणि मे महिन्यातले दोन दिवस लागतात.

वाळवीच्या बाबतीत मात्र आम्ही औषधाच्या बाजूने आहोत. जमिनीतली वाळवी पायातून, दगडी भिंतीच्या आतल्या मातीच्या भरावातून मातीच्या नळ्या करत वर येते आणि कपाटाच्या पाठीतून थेट दप्तरात घुसते. दप्तर बांधलेला वरचा रुमाल शाबूत दिसतो. हात लावला की आत नुसती माती आणि कागदाच्या कडा. तिथे थांबायला वेळ नसतो. पण तिथेही फवारा कामाचा नाही. या कामाची पद्धत भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात दिलेली आहे : भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे साधारण एकेक फुटावर बारा मिलिमीटरची भोकं पाडायची, प्रत्येकात ठरलेलं द्रावण दाबाने सोडायचं आणि भोकं बुजवायची. जमिनीत अखंड पट्टा तयार व्हावा हा हेतू. एखादा कोपरा कपाट हलवायचा कंटाळा आला म्हणून सोडला तर वाळवी नेमकी तिथूनच येते. भोकं पाडण्याआधी त्या भिंतीलगतचा सगळा संग्रह दुसऱ्या खोलीत हलवून झाकला पाहिजे, कारण ड्रिलची धूळ आणि भिंतीतून पाझरलेलं द्रावण दोन्ही कागदाला वाईट. काम झाल्यावर खात्री करायची साधी रीत आहे. एखाद्या नळीचा दोन बोटं लांबीचा तुकडा मोडायचा, भिंतीवर पेन्सिलीने तारीख लिहायची आणि दोन दिवसांनी पाहायचं. ती पुन्हा सांधली असेल तर वाळवी जिवंत आहे.

औषधाने होणारं नुकसान फारसं बोललं जात नाही. धान्याच्या गोदामात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ओलाव्याने फॉस्फीन वायू सोडतात. तो वायू किडे मारतो हे खरं. पण तांबं आणि तांब्याच्या मिश्रधातूंना तो खातो. संग्रहालयात ताम्रपट असतात, पितळी दिवे असतात, कांस्यमूर्ती असतात. टाउन हॉलमधली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती ही रोमशी आपल्या व्यापाराची खूण आहे. पैठणीच्या आणि शेल्याच्या जुन्या जरीतही तांबं-चांदी असते. कपड्यातली कसर मारायला जरीचं पागोटं अशा धुरीत ठेवलं तर किडा मरेल आणि जर काळवंडेल. शिवाय या गोळ्या माणसाला जीवघेण्या आहेत. प्रशिक्षित, परवानाधारक माणसाशिवाय त्या कुणाच्या हाती देताच कामा नयेत, आणि लोक ये-जा करतात त्या वाचनालयात तर मुळीच नाहीत. धुरीचं दुसरं रसायन, मिथाइल ब्रोमाइड, ओझोनच्या थरासाठी मॉन्ट्रियल करारान्वये बाजूला झालं. आपल्यासारख्या देशांसाठी त्याची मुदत २०१५ ला संपली. डांबराच्या गोळ्या किडे फारसे मारत नाहीत. त्यांची वाफ बंद पेटीत वस्तूंवर पुन्हा स्फटिक होऊन बसते, आणि रोज आठ तास त्या कपाटाजवळ बसणाऱ्या ग्रंथसेवकाच्या फुप्फुसात जाते. या गोळ्यांतलं नॅफ्थलीन हे कर्करोगाचं संभाव्य कारण मानलं जातं. भुसा भरलेल्या जुन्या प्राण्यांची कातडी त्या काळी आर्सेनिकच्या साबणाने कमावत. म्हणून वाघाच्या अंगावरची धूळ फडक्याने झटकणाऱ्या शिपायाला मास्क, हातमोजे आणि अतिसूक्ष्म धूळ अडवणारं हेपा फिल्टर असलेला व्हॅक्यूम क्लीनर द्यायलाच हवा.

बांधणीच्या खळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालायची रीतही अजून चालू आहे. कीड लागत नाही म्हणून बाइंडर घालतात. पण तांब्याचे कण कागदाचे तंतू झिजवण्याची क्रिया वाढवतात. काही वर्षांनी पाठीजवळचा कागद तपकिरी होऊन तुटतो. दुरुस्तीला दिलेल्या पुस्तकांच्या पावतीवरच ‘खळीत मोरचूद नको’ असं लिहून द्यावं.

मग पैसा कशावर घालायचा? पहिली वस्तू अगदी स्वस्त आहे : चिकट सापळा. पुठ्ठ्याची तंबूसारखी घडी, आत गोंदाचा थर. दहा बाय सहा मीटरच्या दालनात आठ पुरतात : दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक, बाकीचे भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात साधारण पाच मीटरवर. दालनाच्या मधोमध ठेवून उपयोग नाही, किडे कडेने चालतात. प्रत्येक सापळ्यावर क्रमांक आणि तारीख, तोच क्रमांक दालनाच्या नकाशावर. पावसाळ्यात दर आठवड्याला, एरवी महिन्याला एकदा पाहायचं. वहीत चारच रकाने पुरतात : तारीख, सापळा क्रमांक, कोण सापडलं, किती. किड्याचं नाव येत नसेल तर सापळ्यासकट फोटो काढून कीटकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना पाठवता येतो. आपल्याकडची धूळ गोंदावर बसून तो दोन-तीन महिन्यांत निकामी होतो, तेव्हा सापळा बदलायचा. हे विसरलं की पुढचे सगळे महिने शून्य नोंद येते आणि आपण फसतो.

सापळा कीड संपवत नाही. तो बोलतो. सापळा क्रमांक तीनमध्ये जुलैत चार कसरी आणि बाकी सगळीकडे शून्य, याचा अर्थ तिसऱ्या सापळ्याजवळची भिंत ओली आहे. खिडकीखालच्या सापळ्यात ठिपक्यांचे छोटे गोल भुंगेरे सापडले तर ती गालिच्याची कीड. त्यांचे प्रौढ बाहेर फुलांवर पराग खातात आणि अळ्या लोकर, पिसं, कातडं, केस. खिडकीच्या वर पारव्याचं घरटं असेल तर मूळ बहुधा तिथेच. संग्रहालयात आणि वाचनालयात आपण सत्कार करतो, हार-तुरे येतात, फोटोला घातलेला झेंडूचा हार आठवडाभर तसाच लटकतो, प्रसादाचा गूळ-खोबऱ्याचा द्रोण कपाटावर राहतो. हे सगळं किडीचं वाहन आणि जेवण आहे. कार्यक्रम करावेत, माणसं यावीत म्हणूनच संस्था आहेत. पण हार त्याच संध्याकाळी इमारतीबाहेर गेला पाहिजे आणि खाणं पुस्तकांच्या दालनात नको, इतकं ठरवता येतं.

मांडणी भिंतीपासून आणि फरशीपासून सहा इंच दूर असावी, म्हणजे मागे झाडू जातो आणि वाळवीची नळी दिसते. पावसाळ्यात फिनेलच्या पाण्याने रोज फरशी पुसायची सवय दप्तरखान्यात सोडावी. कोरड्या व्हॅक्यूमने झाडावं. एसी असेल आणि तो सहा वाजता बंद होत असेल, तर रात्री बाहेरची दमट हवा थंड कपाटावर दव धरते. त्यापेक्षा एसी नसलेली, दारं-खिडक्या नीट बसणारी खोली बरी. एक साधा आर्द्रतामापक प्रत्येक दालनात हवाच. ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारी खिडक्या उघडाव्यात, पावसाळी संध्याकाळी बंद ठेवाव्यात, आणि हा निर्णय सवयीने न घेता त्या आकड्यावर घ्यावा.

आता शीतपेटी. किडा पुस्तकाच्या आत असताना त्याला मारण्याचा, कागदाला विष न लावता, सर्वात भरवशाचा उपाय गोठवणं हाच आहे. अंडी, अळी, कोष, भुंगेरा सगळे मरतात. उणे तीस अंशांना तीन दिवस लागतात, उणे वीसला दोन आठवडे. घरच्या फ्रिजचा वरचा कप्पा चालत नाही. तो तेवढा थंड होत नाही आणि बर्फ वितळवण्यासाठी अधूनमधून आपोआप गरम होतो. आइस्क्रीमवाल्यांकडे असतो तसा झाकणाचा डीप फ्रीजर लागतो, उणे वीस किंवा त्याखाली टिकणारा.

पुस्तक जाड पॉलिथीनच्या पिशवीत घालायचं, हवा दाबून काढायची, तोंड चिकटपट्टीने बंद करायचं. पिशवी नसली तर बाहेर काढताना दव थेट कागदावर बसतं. फ्रीजर आधीच पूर्ण थंड झालेला हवा. हळूहळू थंड होणारा किडा शरीरात गोठणरोधक द्रव्य तयार करतो आणि वाचतो. म्हणून थंडी एकदम बसली पाहिजे. पुस्तकं गच्च रचायची नाहीत, मधे बोटभर फट ठेवायची. एका जाड ग्रंथाच्या मध्यभागी तापमापकाची तार घालून ठेवायची आणि तिथे उणे वीस आल्यापासून चौदा दिवस मोजायचे, झाकण लावल्यापासून नाहीत. मधे वीज गेली आणि आतलं तापमान चढलं तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता किमान एक दिवस ठेवायची. पिशवीवरचं दव पूर्ण सुकलं की उघडायची. मग मऊ कुंचल्याने भुगा काढायचा आणि पुस्तकात तारखेची चिठ्ठी ठेवायची. भुगा काढणं सोडू नये. पुढच्या वर्षी नवा भुगा दिसला तर तो नवा आहे हे त्यावरूनच कळतं.

सगळ्याच वस्तू गोठवायच्या नसतात. तैलचित्रं, काचेवरच्या छायाचित्रांच्या निगेटिव्ह, हस्तिदंत, हस्तिदंताची जडणघडण असलेलं लाकूड, लाखकाम, यांना तडे जातात. त्यांच्यासाठी प्राणवायू काढून घेण्याची पद्धत आहे : हवाबंद खास पडद्याची पिशवी, आत लोहचूर्णाच्या शोषक पुड्या, प्राणवायू अर्ध्या टक्क्याच्या खाली, आणि पंचवीस अंशांच्या आसपास तीन आठवडे. हे जाणकाराच्या हातचं काम आहे. प्रशियन निळ्यासारखे काही रंग त्यात फिके पडतात.

एका वाचनालयाला फ्रीजर वर्षभर लागत नाही, म्हणून तो सामाईक असावा. हिशेब सोपा आहे. तीनशे लिटरच्या पेटीत मोकळं रचलं तर मध्यम आकाराची सव्वाशेएक पुस्तकं बसतात. भरणं, चौदा दिवस, काढणं मिळून एक फेरी साधारण सतरा दिवसांची. वर्षाला वीस-एकवीस फेऱ्या, म्हणजे अडीच हजारांच्या आसपास पुस्तकं. शहरातल्या सगळ्या संस्थांना देणगीत येणारी जुनी पुस्तकं आणि कीड लागलेली कपाटं यांना एवढी क्षमता सुरुवातीला पुरते. देणगी हाच किडीचा सर्वात मोठा दरवाजा आहे. कुणाच्या आजोबांचा संग्रह माळ्यावरून उतरतो, फोटो निघतो आणि त्याच दिवशी पुस्तकं मांडणीत लागतात. ती आधी बंद पिशव्यांत, वेगळ्या खोलीत राहिली पाहिजेत आणि फ्रीजरमधून गेल्यावरच आत आली पाहिजेत. देणाऱ्याला हे नीट समजावून सांगितलं तर कुणी नाराज होत नाही. आपली पुस्तकं जपली जातात याचं समाधानच वाटतं.

याला दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला पैशाचा. सापळे, आर्द्रतामापक, कुंचले आणि एक भिंग यांचा वर्षाचा खर्च फवारणीच्या करारापेक्षा जास्त असण्याचं कारण नाही. लागतो तो माणसाचा वेळ, आणि आमचा खरा आग्रह तिथेच आहे. ‘अ’ वर्गाच्या ग्रंथालयापासून ‘ड’ वर्गाच्या वाचनालयापर्यंत प्रत्येक ठिकाणी एका सेवकाच्या कामाच्या यादीत ‘सापळ्यांची नोंद’ लिहिलेली असावी. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांची तपासणी होते, तेव्हा दाखल-नोंदवहीबरोबर ही वहीही मागितली जावी. मागणारा असला की वही भरली जाते.

दुसरा आक्षेप लेखापरीक्षणाचा आहे. फवारणीचं प्रमाणपत्र दाखवता येतं. नोंदवही दाखवून बिल कसं काढायचं? निविदेची भाषा बदलली की हे सुटतं. ‘दर तिमाहीस फवारणी’ काढून टाकावं. त्याऐवजी : इतके सापळे, इतक्या भेटी, प्रत्येक भेटीनंतर कीड ओळखून लेखी अहवाल, झुरळांसाठी फटीत जेल, उंदीर-घुशींसाठी पिंजरे आणि भोकं बुजवणं, विषारी गोळ्या नाहीत, कारण कपाटामागे मेलेला उंदीर म्हणजे गालिच्याच्या किडीची शिदोरी, संग्रहावर किंवा संग्रहाच्या दालनात कोणतंही रसायन ग्रंथपालाच्या वा अभिरक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय वापरायचं नाही, वापरल्यास नाव, मात्रा, जागा आणि तारीख नोंदवहीत. लेखापरीक्षकाला मोजायला फवारणीपेक्षा यात जास्त काही मिळतं.

पुराचं वेगळं सांगायला हवं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा देते, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कुठवर आलं ते शहराला ठाऊक आहे. पाणी ओसरल्यावर ओल्या दप्तराला उन्हात पसरणं ही पहिली चूक असते. पानं एकमेकांना चिकटतात आणि वाकतात. दोन दिवसांत बुरशी धरते. जे लगेच पंख्याखाली वाळवता येत नाही ते पिशवीत बांधून गोठवलं तर बुरशी थांबते आणि वाळवायला सवड मिळते. त्या वेळी सामाईक फ्रीजर शहरात असणं आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे हे माहीत असणं, दोन्ही लागतं. अर्थात तो फ्रीजर पूररेषेच्या वर, निदान पहिल्या मजल्यावर आणि जनरेटरच्या ओळीवर हवा.

बहुतेक संस्थांचे वार्षिक करार मार्च-एप्रिलमध्ये नव्याने होतात. निविदेचा मजकूर त्याआधी बदलायला हवा, पन्हळी मेमध्ये साफ व्हायला हव्यात आणि सापळे मृगाच्या आत लागायला हवेत. पहिल्या वळवानंतरच्या संध्याकाळी वाळवीची पंखवाली पाखरं दिव्यावर झुंबड करतात आणि सकाळी खिडकीखाली नुसते पंख पडलेले असतात. त्या पंखांचा ढीग कुठल्या खिडकीखाली किती होता, ही नव्या वहीतली पहिली नोंद असू दे.